दिव्यापासून पडद्यापर्यंत

“मोटर चालू हाय. आता दिवा पेटलाय का ते बघ.”

आप्पा खाटेवर बसल्या बसल्या हे म्हणाले, तेव्हा मी टेबलाखाली गुडघ्यांवर होते. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं एका बाजूचं पत्र्याचं दार काढून भिंतीला टेकवलेलं, आत पंखे गरागरा फिरत होते, आणि वर मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरं. थोड्या वेळानं तीही जायची आणि काचेत मागच्या ट्यूबलाइटची पट्टी तेवढी दिसायची. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दुपारी राजारामपुरीतून नवं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र बनवणारा भाग, आणलं होतं. संध्याकाळी जुनं काढून ते बसवलं, आणि तेव्हापासून पडदा काळा होता.

आप्पांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. काळा चष्मा, ठरलेल्या वेळी डोळ्यात थेंब, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. थेंबांच्या वेळा चुकू नयेत म्हणून मी माझं कामाचं टेबल त्यांच्या खोलीत आणलं होतं. त्यांची या कामात मदत होईल असं माझ्या मनातही नव्हतं. आप्पांनी उभ्या आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही.

पण काळा पडलेला पडदा आमच्या घरात सगळ्यात जास्त कुणी पाहिला असेल तर तो त्यांनीच. चौतीस वर्षं ते कोल्हापुरातल्या एका थिएटरात ऑपरेटर होते.

मी लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करते. फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतात. हजार-दीड हजार फोटोंतून शे-दीडशे निवडायचे, त्यांचे रंग एकमेकांशी जुळवायचे, पानं लावायची आणि लॅबला पाठवायची. अल्बम उघडला की समोर जे जोडपान येतं ते १२ बाय ३६ इंचांचं. इंचाला ३०० ठिपके धरले तर एका जोडपानात ३ कोटी ८८ लाखांवर ठिपके होतात. त्यावर चार-पाच फोटो, मागं पैठणीचा पुसट पदर, वर नावं. असे थर चढत गेले की माझं जुनं २ जीबीचं कार्ड रडकुंडीला यायचं. ब्रश फिरवला की रेघ मागाहून उमटायची. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि मग श्वास घ्यायला उसंत नसते. म्हणून दिवाळीचे आलेले पैसे मोडायच्या आत कार्ड घेतलं होतं.

आणि आता काहीच दिसत नव्हतं. मी घाबरले होते. घाबरल्यावर माणूस करतो तेच केलं. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं पुसून परत लावल्या, तारा उपसल्या, मॉनिटरची केबल तीनदा काढून घातली, दुकानातल्या मुलाला फोन लावला. तो उचलला गेला नाही.

“एकदम सगळं हलवू नको,” आप्पा म्हणाले. “काय बिघडलंय ते कळायचं न्हाई. आणि सुधारलं, तर कशानं सुधारलं ते बी कळायचं न्हाई.”

“मी बघालोय की आप्पा,” मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, कोल्हापुरात आम्ही मुली, बायका ‘मी बघतो’, ‘मी जातो’ असंच बोलतो. ‘बघते’ आणि ‘जाते’ लिहिण्यापुरतं.

ते गप्प बसले. मग दोन मिनिटांनी त्यांनी तो प्रश्न विचारला, मोटर आणि दिव्याचा.

लहानपणी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आहे. लोखंडी जिना, वर एक बुटकं दार, आत दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी. प्रत्येकाच्या मागं दिव्याचं मोठं घर. त्या दिव्यात बल्ब नव्हता, कार्बनच्या दोन कांड्या होत्या; एक जाड, एक बारीक, टोकाला टोक. दोन्ही क्षणभर टेकवायच्या आणि किंचित दूर करायच्या की मधल्या फटीत डोळे दिपवणारी ज्योत उभी राहायची. जळत जळत कांड्या आखूड होत, फट वाढे, म्हणून त्या सतत पुढं सरकवत राहावं लागे. आप्पा दिव्याच्या घराच्या काळ्या काचेतून ती ज्योत बघत बसायचे. कांड्यांच्या मागं आरसा. पुढं एक झडप. मग फिल्म जिथून सरकते ती चौकट, मग लेन्स, मग भिंतीतली छोटी काच, आणि त्यापलीकडं सगळ्या थिएटरचा अंधार ओलांडून पडदा. सेकंदाला २४ चित्रं. २००० फुटांचं एक रीळ साधारण २२ मिनिटं चालायचं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, एक ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची. दुसरा ठिपका आला की इकडची झडप बंद, तिकडची उघडी. बघणाऱ्याला काही कळतच नसे. मी अजूनही जुना सिनेमा बघताना त्या कोपऱ्याकडं बघते.

पडदा काळा पडला की खाली शिट्ट्या सुरू. कुणीतरी ‘ए ऑपरेटर’ म्हणून ओरडायचं. केबिनमध्ये नवा आलेला पोरगा असेल तर तो आधी काचेशी धावायचा, पडदा बघायला. आप्पा पडद्याकडं बघतच नसत. तिथं काळं आहे हे सगळ्या थिएटरला कळलेलंच आहे, त्यात बघायचं काय. ते दिव्यापाशी जायचे. मोटर चालू आहे का? ज्योत आहे का? झडप उघडी आहे का? फिल्म चौकटीत बसलीय का, तुटली तर नाही? लेन्स जागेवर आहे का? उजेड ज्या वाटेनं पडद्यापर्यंत जातो त्याच वाटेनं एकेक ठाणं विचारत जायचं. जिथं उत्तर ‘न्हाई’ आलं तिथं थांबायचं.

“तुझ्या ह्यात दिवा कुठं असतोय?” आप्पांनी विचारलं.

मला पटकन सांगता येईना. रोज दहा तास ज्याच्यासमोर बसते त्यात दिवा कुठं असतो, याचा विचारच कधी केला नव्हता. मग सांगायला लागले. प्रोसेसर हिशेब करतो, कार्ड त्याचं चित्र बनवतं, ते तारेतून मॉनिटरकडं जातं; आणि उजेड मॉनिटरमध्येच असतो, काचेच्या मागं, एलईडीचा.

“म्हंजे दिवा पडद्याच्या पाठीमागंच?”

“व्हय.”

“आणि ती अक्षरं आली पांढरी, ती कुणी दाखवली?”

“मॉनिटरनंच.”

“मग दिवा बी हाय आणि पडदा बी हाय. तुझी फिल्मच येईना झालीया.”

मी टेबलाखालून बाहेर आले. तासभर मी मॉनिटरची केबल काढून घालत होते, त्याची बटणं दाबत होते. आणि मॉनिटर तर मला स्पष्ट सांगत होता की मी जागा आहे, माझ्याकडं काही आलेलं नाही.

मग आम्ही फिल्मची वाट धरली. आप्पा विचारत गेले आणि मी उत्तरं देत गेले.

पहिलं उत्तर लगेच सापडलं. माझी जुनी केबल व्हीजीएची होती. १५ पिनांची, निळ्या तोंडाची. १९८७ साली आलेली ही जोडणी अजून कित्येक टेबलांवर आहे. जुन्या कार्डाला ते तोंड होतं. नव्या कार्डाला एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्ले पोर्ट, व्हीजीए नाहीच. मग संध्याकाळी मी ती केबल जिथं बसली तिथं, म्हणजे मदरबोर्डाच्या, ज्यावर सगळे भाग बसतात त्या पाटीच्या, स्वतःच्या व्हीजीएला लावली होती. पण माझ्या प्रोसेसरमध्ये चित्र बनवायची सोयच नाही, तो बाहेरच्या कार्डावर अवलंबून असतो. त्यामुळं बोर्डाचं ते तोंड दिसायला आहे एवढंच. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये ती सोय असते त्यांच्याकडंही वेगळं कार्ड बसवलं की बोर्ड बहुतेक वेळा आपली बाजू बंद करतो. कार्ड घातलं तर केबल कार्डाला. एवढी साधी गोष्ट, पण मागं अंधारात हातानं चाचपत लावताना जे तोंड जुळतं तिथंच आपण ती घालतो.

एचडीएमआयची केबल घरात एकच होती, टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला लावलेली. आईची मालिका चालू होती. तिनं काही न बोलता उठून स्वतः ती काढून दिली.

केबल कार्डाला लावली. चालू केलं. नो सिग्नल.

“पुढचं,” आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात घाई नव्हती. खाली शिट्ट्या चालू असताना चौतीस वर्षं काम केलेल्या माणसाचा तो आवाज होता.

पुढचं म्हणजे कार्डाला वीज मिळते का. ज्या खाचेत कार्ड बसतं ती खाच त्याला ७५ वॅटपर्यंत वीज देते. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी तार जोडावी लागते. ६ पिनांची असेल तर आणखी ७५ वॅट, ८ पिनांची असेल तर १५०. माझ्या कार्डाला ६ पिनांची होती आणि ती मी लावली होती. काढून, पिना बघून, खटका वाजेपर्यंत परत दाबली. कार्डाचे पंखे फिरत होते. वीज होती.

मग बोर्डाकडं बघितलं. हल्ली बऱ्याच मदरबोर्डांवर कडेला चार बारीक दिवे असतात. चालू करताना बोर्ड एकेकाची हजेरी घेतो: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, आणि ज्यावरून विंडोज चालू होतं ती डिस्क. ज्याची हजेरी लागत नाही त्याचा दिवा पेटून राहतो. माझ्या बोर्डावर तिसरा पेटून राहिला होता. तो संध्याकाळपासूनच पेटलेला असणार. मी पंख्यांकडं आणि मॉनिटरकडं बघत होते. मी ते आप्पांना सांगितलं, आणि मला आठवतंय, त्यांचा चेहरा खुलला. यंत्रच सांगतंय म्हटल्यावर आता काय राहिलं.

“फिल्म चौकटीत बसली न्हाई,” ते म्हणाले. “आण इकडं.”

त्यांना वाकायला मनाई. मी सगळं बंद केलं, प्लग काढला, कॅबिनेट उचलून खाटेशेजारच्या स्टुलावर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणून ठेवलं. आप्पांनी काळा चष्मा काढला, डावा डोळा तळहातानं झाकला आणि ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्यानं कार्डाच्या कडेकडं बघत राहिले. मी बॅटरी धरली होती.

“तिरकं बसलंय. ह्या टोकाला अर्धा सूत वर हाय.”

मला दिसत नव्हतं. मोजपट्टी लावल्यावर दिसलं. कार्डाच्या मागच्या टोकाला जी पत्र्याची पट्टी असते, तिची खालची जीभ कॅबिनेटच्या पत्र्याच्या फटीत जायच्या ऐवजी कडेवर अडकली होती. मी वरून स्क्रू आवळला होता, त्यामुळं कार्ड घट्ट वाटत होतं. पण एका बाजूनं खाचेत पूर्ण उतरलं नव्हतं. त्या सोनेरी दातांची एक बाजू टेकत होती आणि दुसरी टेकल्यासारखी होती. स्क्रू सोडला, कार्ड काढलं, जीभ आधी फटीत घातली आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला. खाचेच्या टोकाचा खटका वाजला. संध्याकाळी तो वाजलाच नव्हता, आणि तो वाजायला हवा हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

चालू केलं. तिसरा दिवा पेटला आणि विझला. पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह आलं.

आप्पांनी चष्मा परत लावला. आई दारात उभी होती. रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि थेंबांची वेळ पंचवीस मिनिटांनी चुकली होती.

त्या रात्री झोपायच्या आधी ते बराच वेळ बोलत होते. आम्ही मंगळवार पेठेत राहतो. कामाला जाताना ते खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभावरून जायचे. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला इथं, कोल्हापुरात, स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्याची ती आठवण. त्यांचे चुलतभाऊ आनंदराव पेंटर आणि त्यांनी मिळून मनात घेतलेलं काम; आनंदराव १९१६ साली गेले, आणि पुढं विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन बाबूरावांनी ते तडीला नेलं. आप्पांना त्यातलं एक फार आवडतं. ही माणसं मुळात रंगारी, नाटकांचे पडदे रंगवणारी, चित्रं काढणारी. उजेड कुठून येतो आणि कुठं पडतो हे त्यांना आधी डोळ्यांनी कळलेलं होतं, यंत्र नंतर आलं. हे ते मला पूर्वीही सांगायचे. त्या रात्री मी ते नीट ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला, रिझोल्यूशन १९२० बाय १०८० झालं, अक्षरं मोठी फुटकी दिसत होती ती सुबक झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. कामाला वेग आला. ब्रश हाताबरोबर चालायला लागला.

ते दिवस किरणोत्सवाचे होते. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत येत अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर, मग मुखावर. आप्पा दरवर्षी जातात. यंदा धूळ आणि गर्दी म्हणून डॉक्टरांनी नको सांगितलेलं. त्यामुळं संध्याकाळी शेजारच्या काकू देवळातून आल्या की ते विचारायचे, कुठवर आली? आणि कमी आली असं कळलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, मध्ये काय आलं? ढग की धूळ की कुठल्या इमारतीची कड? दर वेळी गावात याची चर्चा होते. माणसं उंबऱ्या-उंबऱ्यावर उजेड मोजतात. आप्पांना त्या चर्चेचा कंटाळा येत नाही.

त्यातल्याच एका संध्याकाळी ते माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. पडद्यावर एक जोडपान होतं. गडहिंग्लजकडचं लग्न, नवरी हिरव्या शालूत, गळ्यात काळे मणी.

“काळा काळा दिसंना,” ते म्हणाले. “राखाडी हाय.”

इथं मला आप्पांच्या काळ्याबद्दल सांगितलं पाहिजे. सिनेमाच्या पडद्याला स्वतःचा काळा रंग नसतो. पडदा पांढरा. काळं म्हणजे जिथं उजेड पोचू दिलेला नाही ती जागा. त्यामुळं रात्रीचा प्रसंग चालू असताना दारावरचा डोअरकीपर जाड पडदा बाजूला सारून उशिरा आलेल्यांना आत सोडायला लागला, की बाहेरचा उजेड पडद्यावर सांडायचा आणि रात्र राखाडी व्हायची. आप्पा त्यावरून भांडायचे. एकदा मालकांशीही भांडले होते. शिवाय त्यांनी मला सांगितलेलं आहे की प्रोजेक्टरमध्ये फिरती पाती असतात, एक चित्र सरकून दुसरं येईपर्यंत ती उजेड अडवतात, आणि चित्र थरथरू नये म्हणून मध्ये आणखी एकदा अडवतात. म्हणजे तीन तासांच्या सिनेमात जवळपास दीड तास पडद्यावर निव्वळ अंधार असतो. तो कुणाला दिसत नाही, पण तो चोख असावा लागतो.

अशा माणसानं मला सांगितलं की काळा राखाडी दिसतोय. आणि मी मागं न बघता म्हटलं, “डाव्या डोळ्याचं अजून व्हायचंय आप्पा. धुरकट दिसणारच की.”

“असंल,” ते म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले.

माझ्या बोलण्याला आधार नव्हता असं नाही. ऑपरेशननंतरचे ते सगळे दिवस घरात रंगांचीच चर्चा होती. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळट, गढूळ होतं. ते काढून स्वच्छ बसवलं की पांढरं एकदम पांढरं दिसतं आणि निळा परत येतो. पट्टी काढल्यावर आप्पा भिंतीकडं बघून म्हणाले होते, ही पांढरी हाय व्हय, मला वाटलं तुम्ही बदामी रंग दिलाय. आईची एक साडी ते दोन वर्षं हिरवी समजत होते, ती निळी निघाली. म्हणजे त्यांचे डोळे सध्या दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतायत हे मला माहीत होतं, आणि मी ते उत्तर म्हणून वापरलं.

मलाही चित्र थोडं फिकं वाटत होतं. नवीन कार्ड आहे, सवय होईल, असं समजून मी प्रत्येक फोटोत सावल्या खाली ओढत गेले, काळं काळं दिसेपर्यंत. तीन रात्री हेच केलं. मग नमुन्याची दोन जोडपानं लॅबला पाठवली.

प्रिंट आली ती बघून पोटात गोळा आला. नवरदेवाचे केस म्हणजे एक डांबराचा ठिपका. नवरीच्या आईचं काळं इरकली नेसलेलं, त्याची एकही चुणी दिसत नव्हती. गळ्यातले मणी सावलीत बुडाले होते. दुसऱ्याच्या घरचं लग्न, एकदाच झालेलं, आणि मी त्यावर काजळी फासली होती. नमुनाच होता, अल्बम छापलेला नव्हता, म्हणून निभावलं.

आधी मी लॅबला फोन केला. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, ताई, तुमच्या फाइलमध्येच काळं बसलंय, एकदा आकडे बघा. मी फोटोशॉपमध्ये ड्रॉपर केसांवर ठेवला. आकडा आला ३, ४, ३. शून्य म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. फाइल म्हणत होती हे जवळजवळ काळंच आहे, आणि माझ्या पडद्यावर तीच जागा राखाडी दिसत होती. म्हणजे फाइल निघाली आणि पडद्यावर पोचली, यांच्या मधे कुठंतरी काहीतरी होत होतं.

मी प्रिंट घेऊन आप्पांच्या खाटेवर बसले आणि त्यांना सांगितलं.

“मी तवाच बघितलंवतं,” ते म्हणाले.

“काय?”

“उजवा झाकून डाव्यानं बघितलं. मग डावा झाकून उजव्यानं. डाव्यानं सगळंच धुरकट, तुझा पडदा बी आणि भितीवरचं कॅलेंडर बी. उजव्यानं बघितलं तर कॅलेंडरावरची तारीख काळीकुळकुळीत, आणि तुझा पडदा तेवढा राखाडी.”

“मग बोलला का नाही?”

“तू कामात होतीस.”

मला पुढं काही बोलता आलं नाही. माझ्यामागं उभं राहून, एका मिनिटात, त्यांनी स्वतःच्या दोन डोळ्यांनी जी परीक्षा घेतली होती ती मला तीन रात्रींत सुचली नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि शेजारी एखादी खात्रीची गोष्ट ठेवायची, जिचं काळं काळंच आहे हे माहीत आहे. त्यांच्यासाठी ती कॅलेंडरावरची तारीख होती. आणि मी ते सगळं त्यांच्या आजारपणावर ढकलून मोकळी झाले होते.

बाकी शोधायला अर्धा तास लागला. व्हीजीए असताना हा प्रश्न नव्हता, एचडीएमआय आल्यावर सुरू झाला, म्हणजे तिथंच बघायचं. एचडीएमआय ही मुळात टीव्हीच्या घराण्यातली तार आहे. टीव्हीच्या जगात काळा ० वर आणि पांढरा २५५ वर ठेवत नाहीत. काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर ठेवतात, दोन्हीकडं थोडी मोकळी जागा सोडून. कॉम्प्युटरचा मॉनिटर मात्र ० ते २५५ पूर्ण धरतो. चालू होताना मॉनिटर त्याच तारेतून कार्डाला आपली ओळख सांगतो, मी एवढा मोठा, मला अमुक रिझोल्यूशन चालतं. १९२० बाय १०८० हे माप टीव्हीचंही आहे आणि मॉनिटरचंही. माझ्या कार्डानं समोर टीव्ही आहे असं धरलं आणि काळा १६ वर आणून पाठवायला सुरुवात केली. मॉनिटरला १६ म्हणजे राखाडी. त्यानं इमानानं राखाडी दाखवला. पांढराही त्याच हिशेबानं मळला होता, पण तो मला जाणवला नव्हता. आप्पा काळ्याकडं बघणारे, म्हणून त्यांना काळा दिसला.

ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रंगांच्या पानावर ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ असं लिहिलेलं होतं आणि पुढं ‘लिमिटेड’. मी आप्पांना बोलावलं. ते खुर्चीमागं उभे राहिले, डावा डोळा तळहातानं झाकून. मी ‘फुल’ निवडलं. पडदा क्षणभर पूर्ण गेला आणि परत आला.

“आला,” आप्पा म्हणाले. मग म्हणाले, “खोलीतला दिवा घालव बघू.”

मी ट्यूब बंद केली. पूर्ण काळं चित्र लावलं. एलसीडीचा काळा कधीच कोळशासारखा नसतो, मागचा उजेड कडांतून थोडा झिरपतोच. तो त्यांना दिसला आणि त्यांनी त्याबद्दल विचारलंही. पण तो पडद्याचा स्वभाव आहे, हे त्यांना पटलं. थिएटरात ‘बाहेर’ लिहिलेला लाल दिवा असतो, तेवढं चालायचं, असं म्हणाले.

पुढच्या दोन रात्री मी ती सगळी पानं परत उघडली. सावल्या जिथं जिथं खाली ओढल्या होत्या तिथं तिथं परत वर आणल्या. आप्पा मागं बसून असायचे. एखाद्या फोटोवर ‘थांब’ म्हणायचे. इरकलीच्या चुण्या कुठं दिसायला लागतात आणि कुठं ती धुतल्यासारखी दिसते, त्या दोन्हींच्या मधली जागा ते बरोबर सांगत होते. मी आकडे बघत होते. एकदा आमच्यात मतभेद झाला, नवरीच्या डोळ्यांच्या काजळावरून. मी माझं सोडलं नाही, कारण कागदावर शाई थोडी पसरते हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. त्यांनी ते मान्य केलं.

नमुना दुसऱ्यांदा आला त्या दिवशी डाव्या डोळ्याची तारीख मिळाली, पुढच्या महिन्यातली. आप्पांनी कागदावरची तारीख वाचली, खिशात ठेवली आणि प्रिंटचं पाकीट मागून घेतलं. खिडकीपाशी गेले, बाहेरचा उजेड प्रिंटवर सरळ पडेल असे उभे राहिले. उजव्यानं बघितलं. मग कोपऱ्यात नवरदेव होता तिथं बोट न लावता, जरा लांबूनच दाखवलं.

“आता केसांत केस दिसालेत,” ते म्हणाले.